खरी फायनल

टिटवाळ्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. "तुम्हीच ना ते कॉम्प्युटरवाले?"

मी म्हटलं, नाही हो, मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघतो.

"मग आमच्या कॉम्प्युटरवर तुमचं नाव कसं? खाली नंबर पण आहे. शून्य दोन पाच एक..." पुढचे आकडे त्यांनी असे ठणठणीत वाचले की आरोपपत्र ऐकतोय असं वाटलं. नाव माझंच होतं, नंबर माझाच होता. गुन्हाही माझाच होता, फक्त तो मी टिटवाळ्यात केला नव्हता.

गुन्ह्याची हकिगत अशी. २००३ च्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी कॉम्प्युटर असेंबल करून घेतला आणि, काय बुद्धी झाली देव जाणे, विंडोज एक्सपीची अस्सल सीडी विकत घेतली. होलोग्रामची. तिरपी धरली की इंद्रधनुष्य चमकायचं. तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या रामनगरात अस्सल सीडी असलेलं घर म्हणजे दारात हत्ती असलेलं घर. पाहुण्यांना मी ती चहाच्या आधी दाखवायचो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडून घ्यायचा अवकाश, पडद्यावर खिडकी उघडायची आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू. शून्य झालं की कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. किड्यावरचा उपाय इंटरनेटवर होता. तो उतरवायला इंटरनेट जोडायला हवं, आणि जोडलं की साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. छत्री घ्यायला बाहेर पडावं आणि दुकानापर्यंत चिंब व्हावं, तसं. फॉरमॅट मारून नवंकोरं विंडोज टाकलं तरी तेच, कारण माझी इंद्रधनुषी सीडी २००१ सालची. जगात पुढे काय काय झालं, याचा तिला पत्ताच नव्हता. पुढे १६० जीबीची हार्डडिस्क घेतली, तर या सीडीला त्यातली १२७ च दिसली. दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. शेजारचे काका म्हणाले, "सुपर बिल्टअप सांगितला असेल. हा कार्पेट." ठाण्यात नुकताच फ्लॅट बघून आले होते बिचारे. खरं कारण एवढंच की सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीला त्यापुढचं मोजताच यायचं नाही.

उपाय सांगितला ऑफिसातल्या एका मित्राने, तोही मामलेदार मिसळीसमोर, नाकातून पाणी काढत. "तू रस्सा वरून ओततोस," तो म्हणाला. "आधी जुनं विंडोज टाकणार, मग त्यावर सर्व्हिस पॅक, मग त्यावर ठिगळं. उसळीतच मुरव ना!" म्हणजे असं: सीडीवरचा आय३८६ नावाचा फोल्डर हार्डडिस्कवर उतरवायचा. सर्व्हिस पॅक चालवताना त्याला 'इंटिग्रेट' असा हुकूम द्यायचा, की तो कॉम्प्युटरला हात न लावता त्या फोल्डरातल्याच जुन्या फायली काढून नव्या बसवतो. मग त्या फोल्डरची नवी सीडी भाजायची. सीडी जन्मतःच अद्ययावत.

हा सर्व्हिस पॅक टू होता सुमारे २६६ एमबीचा. मला तो एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर सापडला, नाहीतर डायलअपवरून उतरवताना घरच्यांनी मलाच उतरवला असता. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं आणि सीडी भाजली. चालेना. दुसरी भाजली, तिसरी, चौथी. उघडून बघावं तर फायली जागच्या जागी, पण कॉम्प्युटर सुरू होताना सीडीकडे ढुंकून बघायचा नाही. आठवड्याने कळलं की फायलींआधी सीडीवर एक बूट सेक्टर असावा लागतो, अवघा २ केबीचा. तो मूळ सीडीतून वेगळा काढून नव्या सीडीच्या कपाळी लावावा लागतो. सहाशे एमबीचं लग्न दोन केबीच्या भटजींवाचून अडलं होतं!

पाचवी सीडी चालली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, फायली उतरल्या आणि डावीकडे ते प्रसिद्ध वाक्य आलं: ३९ मिनिटं बाकी. एक्सपीची ही ३९ मिनिटं आणि डोंबिवली स्टेशनच्या इंडिकेटरवरचं १ मिनिट, दोन्ही एकाच घड्याळजीकडची असावीत. ३४ वर येऊन तो आकडा असा बसायचा की माणसाने जेवून यावं.

इथे थांबलो असतो तर टिटवाळ्याचा फोन आला नसता. पण हा नाद 'एकदाच काय ते करून टाकू' या वाक्याने सुरू होतो आणि या वाक्याने सुरू झालेली कुठलीही गोष्ट आमच्या घरी आजवर संपलेली नाही. २००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या काढायचा वार ठरवून टाकला होता, महिन्याचा दुसरा मंगळवार. अंगारकी वर्षातून एखाद-दोनदा येते, हे व्रत दर महिन्याला. आणि दुरुस्त्या आल्या की कालची अद्ययावत सीडी आज शिळी. तोवर बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं होतं आणि माझ्या योजनेत रात्री २ ते ८ कितीही उतरवा, हिशेब नाही. मी दोनचा गजर लावायचो. आई शेजारणीला सांगायची, "पहाटे उठतो हो, काकडआरती असते त्याची."

सीडीची जागा मात्र ७०० एमबी, आणि ती वाढत नाही. सर्व्हिस पॅक, महिन्याच्या दुरुस्त्या, आवाजाचे, चित्राचे, नेटवर्कचे ड्रायव्हर, सगळ्यांना याच गाडीत चढायचं. आय३८६ फोल्डर उघडून बघाल तर फायलींच्या नावाचं शेवटचं अक्षर गायब आणि त्या जागी खालची रेघ. फाइल दाबून लहान केली आहे, याची ती खूण. मला ते बघून आठ-सतराची फास्ट आठवायची. माणूस आत, शेवटचं अक्षर दाराबाहेर.

जागा करायला एनलाइट नावाचा फुकट प्रोग्राम होता. विंडोजमधलं काय काय नको ते विचारायचा आणि मूळ सीडीतूनच काढून टाकायचा. हा प्रोग्राम म्हणजे माळा आवरायला काढलेला रविवार. आधी आपण हळूहळू काढतो, मग हात मोकळा सुटतो. स्वागताची सहल? काढा. मेसेंजर? काढा. मग आली भाषांची यादी. अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, थाई, हिब्रू... आमच्या सोसायटीत आर्मेनियन कोणी नाही, याची मला खात्री होती. सगळ्यांवर एकदम फुली मारली आणि बऱ्याच एमबी मोकळ्या झाल्या. त्या आनंदात शिल्लक जागेचं काय करावं म्हणून विचार करताना आणखी एक सोय सापडली. 'माय कॉम्प्युटर'चे गुणधर्म उघडले की जी खिडकी येते, तिच्यात 'मॅन्युफॅक्चर्ड अँड सपोर्टेड बाय' असं लिहून खाली आपलं नाव आणि चिन्ह घालता येतं. मोठ्या कंपन्यांसाठी असते ती. मी माझं नाव घातलं. फोन नंबर घातला. चिन्ह म्हणून आमच्या गणपतीचा फोटो घातला. सीडीवर मार्करने लिहिलं: 'एक्सपी फायनल'.

पहिला प्रयोग कल्याणला, सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. ते रेल्वेतून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सचिव. तीन महिने खपून इन्स्क्रिप्ट शिकले होते आणि बावीस पानी वार्षिक अहवाल स्वतः टाइप केला होता. सभा रविवारी. शनिवारी संध्याकाळी मी उत्साहात फॉरमॅट मारला, अहवाल आधी नीट बाजूला काढून ठेवला, ३९ मिनिटांची अडीच-तीन तासांत सांगता केली आणि म्हटलं, "उघडा अण्णा, बघा कसा पळतो."

अण्णांनी अहवाल उघडला. पहिल्या ओळीत सात चौकोन, मग मोकळी जागा, मग चार चौकोन. दुसऱ्या ओळीत चौकोन. बावीस पानं चौकोन. मधेमधे फक्त इंग्रजी आकडे जिवंत होते, म्हणजे पाणीपट्टी किती थकली ते कळत होतं, कोणाची ते कळत नव्हतं.

अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. सासूबाई आतून म्हणाल्या, "जावईबापूंना पोहे देऊ का?" अण्णा म्हणाले, "थांब जरा."

त्या यादीत हिब्रूच्या आसपासच कुठेतरी 'इंडिक' असं एक नाव होतं. ते आपण, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विंडोज २००० पासून देवनागरी आली खरी, पण इंग्रजी एक्सपीत ती आपोआप बसत नसे. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन 'गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपी, थाईसह' या चौकटीत खूण करावी लागायची. आपली लिपी गुंतागुंतीची, हे ऱ्हस्व-दीर्घापायी छड्या खाल्लेल्याला परक्याने सांगायला नको. खूण केली की एक्सपी सीडी मागायचं. मी माझी फायनल घातली. ते म्हणालं, फाइल सापडत नाही. कशी सापडणार? ती मीच डोंबिवलीत फेकून आलो होतो.

रात्री पावणेदहाची लोकल पकडून घरी आलो, होलोग्रामवाली काढली आणि परत कल्याण गाठलं. साडेअकराला चौकोनांची पुन्हा मराठी झाली. पोहे तेव्हा मिळाले, गार.

त्या रात्रीपासून माझ्या प्रत्येक सीडीत, बाकी काही असो नसो, विंडोज बसताना विचारतं त्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणाऱ्या फायलीत एक ओळ असायचीच: भाषागट १५. इंडिक पंधरावा. आणि मराठीचा क्रमांक ११०२, तो मला अजून पॅनकार्डाच्या आधी आठवतो. 'एक्सपी फायनल'च्या जागी 'खरी फायनल' आली.

तिच्या प्रती मी नात्यात वाटल्या. विंडोजची प्रॉडक्ट की ज्याची त्याने आपली आणायची, असा नियम होता. तो कितपत पाळला गेला यावर न बोलणं बरं. प्रतींच्या प्रती निघाल्या, कळव्यापासून बदलापूरपर्यंत गेल्या आणि प्रत्येकीतून माझा गणपती आणि माझा नंबर. फोन येऊ लागले. प्रिंटर कागद गिळतो. माऊस सरकत नाही. नव्या लॅपटॉपवर सीडीला हार्डडिस्कच दिसत नाही, एफ-सिक्स दाबून फ्लॉपी मागते, लॅपटॉपला फ्लॉपीची जागाच नाही. रेशनकार्डासाठी रहिवासाचा दाखला आणि दाखल्यासाठी रेशनकार्ड. मग त्या नव्या हार्डडिस्कांचे, म्हणजे साटाचे, ड्रायव्हरही उसळीत मुरवले आणि 'खरी फायनल २' काढली. नाव काढून टाकायचं मात्र दर वेळी राहून जायचं. राहून जायचं, असं मी बायकोला सांगायचो.

एक्सपीचा आधार संपला तो ८ एप्रिल २०१४ ला. दुसरा मंगळवार, आणि नेमकी रामनवमी. दुपारी बारा वाजता सुंठवडा खाल्ला, रात्री शेवटच्या दुरुस्त्या उतरवल्या आणि शेवटची सीडी भाजली. मग नव्या कॉम्प्युटरांना सीडीचा खणही येईना. उरलेल्या सीड्या हिने कबुतरांसाठी बाल्कनीच्या ग्रिलला दोऱ्याने टांगल्या. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या एक्सपीसाठीही एक दुरुस्ती काढली. मेल्यावर तीन वर्षांनी लस टोचणारं हे एकच घराणं.

त्याच आठवड्यात कल्याण कोर्टातून एका वकिलांचा फोन. "मुलीने नव्या कॉम्प्युटरवरून मजकूर पाठवलाय. माझ्या नावाआधी चौकोन दिसतो."

मी समजावलं. 'ॲडव्होकेट'मधला तो ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. तुमच्या एक्सपीतला मंगल फाँट त्याच्या आधीचा.

"मी सनद घेतली १९८९ ला," ते म्हणाले, "आणि अक्षर आलं २००८ ला?"

"हो."

"मग नवी सीडी काढा की."

"साहेब, सपोर्ट संपला. तीन वर्षं झाली."

"कोणाचा?"

"मायक्रोसॉफ्टचा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सावकाश, कोर्टात वाचतात तसं, ते म्हणाले, "इथे 'सपोर्टेड बाय'समोर मायक्रोसॉफ्टचं नाव नाही. तुमचं आहे."

मी बाल्कनीत आलो. 'खरी फायनल २' दोऱ्यावर गरगरत होती आणि तिच्याखाली एक कबूतर डोळे मिटून बसलं होतं. दोरा सोडवत म्हटलं, रविवारी येतो. मेगाब्लॉक नसेल तर.