तळीरामाची फिर्याद

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून 'तळीराम' हे रामनामाने पुनीत झालेले जुन्या वळणाचे नाव पाळण्यातून जे हद्दपार झाले, ते थेट पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दाखल झाले. वास्तविक नाटकातील गुन्ह्यांचा हिशेब दप्तर उघडून पाहिला, तर मद्याच्या धुंदीत ज्याची वकिलीची सनद गेली, ज्याच्या हातून पोटचे पोर मेले आणि साध्वी सिंधूचा संसार धुळीस मिळाला, तो इसम सुधाकर होय. तळीराम हा त्याचा कारकून, पहिला प्याला पुढे करणारा आणि आर्य मदिरा मंडळाचा उत्साही आधारस्तंभ एवढाच. परंतु सुधाकर नायक पडला, शिवाय नाव अस्सल संस्कृत, म्हणजे साक्षात चंद्र. तेव्हा पुढेही घरोघरी सुधाकर जन्मले, शिकले, प्रसंगी न्यायासनावरही बसले आणि कोणाच्याही मनात बाटलीची शंका आली नाही. बदनामीच्या वाटणीतही कारकुनाच्या वाट्याला मालकाहून अधिक यावे, ही आपल्याकडील वहिवाटच आहे म्हणा! सखाराम या नावाला निदान तेंडुलकरांच्या बाइंडराबरोबर पु. लं.चा निरागस गटणे तरी जामीन राहिला. तळीरामाला तोही लाभला नाही. तरी वार्ताहर बंधूंना नम्र विनंती, की येत्या ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत सापडणाऱ्यांना एक वर्ष तरी 'सुधाकर' म्हणून छापावे.