पंखापंडित

मोटारबोट पाण्याला लागते तिथे पंखापंडित आढळतो. मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा त्याला विशेष मानवतो, कारण आउटबोर्ड इंजिनं भरपूर आणि पर्यटक जेवायला गेले की दुपार मोकळी. वय चाळिशीपुढचं, खांद्यावर टॉवेल, हातात पाना. पाना वापरताना तो सहसा दिसत नाही. बोट ओढत नाही, पेट्रोल जास्त पितं, पर्यटकांना उलट्या होतात, अशी कोणतीही तक्रार आली तरी निदान एकच: "इंजिनाक काय एक झाला नाय मरे, पंखो चुकलो तुझो!"

प्रत्येक पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पहिल्या आकड्याकडे पंखापंडित ढुंकूनही पाहत नाही. व्यास बहुतेक इंजिन बनवणाऱ्यानेच ठरवून टाकलेला असतो, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. सगळी विद्वत्ता दुसऱ्या आकड्यावर. पिच १३ म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रूसारखा शिरला तर हा पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढे जाईल. पाणी घट्ट नसतं, म्हणून तो कमी जातो. हे कमी जाणं म्हणजे स्लिप. इंजिन मिनिटाला ५४०० फेरे घेतंय आणि गिअर ते निम्मे करतोय असं धरलं, तर १३ पिचला कागदावर जवळजवळ २९ नॉट वेग येतो. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटींना एरवी १० ते २० टक्के स्लिप लागते, ती वजा केली की २३ ते २६. पंखापंडित २९ वरच थांबतो. "आमच्या पंख्याक स्लिप नाय," असं तो सांगतो.

योग्य पंखा ओळखण्याची खरी रीत इतकी सोपी आहे की तिच्यावर पांडित्य पोसलं जाणं कठीण. रोजची माणसं, रोजचं सामान घ्यायचं, मोकळ्या पाण्यात पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएमचा काटा पाहायचा. इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा छापलेली असते, समजा ५००० ते ६०००. काटा खाली राहिला तर पिच कमी करायची, वर गेला तर वाढवायची. एका इंचाने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे ४७०० वर अडखळणारं इंजिन दोन इंच कमी केल्यावर कसंबसं मर्यादेत येतं. पण काटा बसवलेलाच नसतो, किंवा बसवलेला खाऱ्या हवेने कधीच गेलेला असतो. त्यामुळे पंडित कान लावतो. पर्याय मुळात कमी आणि जास्त असे दोनच असल्याने त्याचं निदान निम्म्या वेळा बरोबर येतं. चुकलेली गिऱ्हाइकं तोवर समुद्रात असतात.

या जमातीत दोन पंथ आहेत. वेगपंथी तरुण असतो आणि पिच वाढवतो. सकाळी रिकामी बोट त्याने सुसाट नेऊन दाखवली की धक्क्यावर टाळ्या पडतात. अकरा वाजता तीच बोट दहा पर्यटक आणि स्कूबाच्या टाक्या घेऊन निघते, तेव्हा नाळ आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात, आणि इंजिन गुदमरत कार्बन साठवत असतं. ओढपंथी वयस्कर आणि पिच कमी करणारा. त्याची बोट भरलेली असली तरी झटकन उठते. पुढे पूर्ण रेसला इंजिन मर्यादा ओलांडून किंचाळू लागतं, त्या आवाजाला तो "मोकळा झाला बघ" म्हणतो. सकाळची आणि दुपारची बोट एकच नसते, म्हणून नेहमीच्या वजनासाठी पंखा निवडावा, हे दोघांनाही मान्य आहे. नेहमीचं वजन कोणतं यावर त्यांचं बोलणं बंद आहे.

धातूच्या बाबतीत सल्ला स्टीलचा. तो वाईट नाही. स्टीलची पाती पातळ करता येतात, जोरात वाकत नाहीत, पाणी चांगलं धरतात. महागही असतात. पण मालवणच्या पाण्यात खडक पुष्कळ. अॅल्युमिनियमचं पातं खडकाला लागलं की वाकतं किंवा तुटतं आणि तिथेच प्रकरण मिटतं. स्टील तग धरतं आणि धक्का शाफ्ट-गिअरकडे पाठवू शकतं. मधल्या रबरी बुशने तो झेलावा अशी योजना असते, पण तिच्या भरवशावर कोणी खडकावर जात नाही. पंडिताच्या स्वतःच्या बोटीला अॅल्युमिनियमचाच पंखा असतो.

त्याचा आवडता शब्द कॅव्हिटेशन. पातं फार वेगाने फिरताना त्याच्या पाठीमागचा दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही उकळतं, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात, हा त्याचा अर्थ. धक्क्यावर मात्र इंजिन उंच बसवल्याने पंखा वरची हवा ओढून सुटतो तेही कॅव्हिटेशन, आणि पेट्रोलमध्ये पाणी गेलं तरी कॅव्हिटेशन. यातल्या हवा ओढण्याच्या भानगडीवर इंजिन थोडं खाली सरकवणं हा उपाय फुकट असल्यामुळे तो शेवटी सुचवला जातो.

या जमातीला मूळपुरुषही शोभेसा मिळाला आहे. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू लावून बोट चालवली. स्क्रू कशाला तरी आपटून जवळजवळ अर्धा तुटला, आणि बोट जास्त वेगाने धावू लागली.

एका कामात मात्र पंडिताला तोड नाही. पातीच्या कडेवरून नख फिरवून तो डोळ्यांना न दिसणारा मार सांगतो. पंखा उतरवून शाफ्टभोवती गुंडाळलेली जाळ्याची दोरी ओढून काढतो, ती ऑइल सील कापण्याच्या आत. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय हे चाखल्यासारखा चेहरा करून जाहीर करतो. हे सगळं तो न बोलता करतो, म्हणून त्याची ख्याती यावर नाही.

मोबदला पैशांत घेत नाही. चहा आणि काढलेला जुना पंखा एवढंच. हा पंखा त्याच कंपनीचं, तेवढ्याच ताकदीचं इंजिन असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला "ट्रायलला" मिळतो, त्याचा तिसऱ्याला. असे पंखे बंदरात बोटी बदलत फिरत राहतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एखादा मूळ मालकाकडे परत येतो, आणि पंडित छातीठोकपणे सांगतो की या बोटीला हाच पंखा हवा होता.