कंडमचे दर्दी

काकाजींना चालू कारखाना दिसत नाही. भिलाईत राहून हे जमवणं सोपं नाही. कोहक्यातल्या आमच्या गच्चीवरून रात्री पोलाद कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबडं झालेलं दिसतं, पाहुणे हातातलं ताट विसरून बघत राहतात, आणि काकाजी पाठ फिरवून जिना उतरतात. "चालू आहे न जी तो! त्यात काय पाहाचं?" तेच जर कुठे दार निखळलेलं, छत खचलेलं आणि भिंतीतून पिंपळ बाहेर आलेला दिसला, तर त्यांची स्कूटर ब्रेक न लावता थांबते. गल्लीतली पोरं त्यांना मागून 'खंडहर अंकल' म्हणतात. पुढूनही म्हणाली तरी चालेल, असं त्यांनी स्वतःच पोरांना सांगून ठेवलंय.

मूळचे भंडाऱ्याकडचे. उभी नोकरी रिफ्रॅक्टरीत गेली, म्हणजे भट्ट्यांच्या आतलं विटांचं अस्तर लावण्यात आणि जळालेलं अस्तर उतरवण्यात. त्यामुळे वीट त्यांना माणसासारखी कळते. माणसं तितकीशी कळत नाहीत. पडक्या भिंतीपुढे उभे राहिले की आधी किल्लीनं टकटक, मग कान, मग अंगठ्यानं माती पुसून शिक्का वाचायचा. 'बर्न' निघाला तर राणीगंजकडचा माल, 'कुमारधुबी' निघाला तर धनबादकडचा. शिक्का नसलेली साधी लाल वीट निघाली तर, स्थळ पाहायला जावं आणि मुलगी आधीच ठरलेली असावी, तसा त्यांचा चेहरा होतो.

मोहिमेचं सामान ठरलेलं. नोकरीतलं जुनं हेल्मेट, टॉर्च, सापासाठी काठी, कुत्र्यांसाठी बिस्किटं आणि चौकीदारासाठी गुडाखूची डबी. "का हाल हे भइया?" असं छत्तीसगढीत विचारून ते डबी पुढे करतात. कुलूप तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, आणि पडक्या जिन्यावर दुसऱ्याला आधी चढवायचं नाही, हे त्यांचे नियम. या तिसऱ्या नियमापायीच काकू अजून सोबत जातात.

पण काकाजींचं खरं प्रेम बियरच्या जुन्या कारखान्यांवर. माणूस तुकडोजी महाराजांचा भक्त, घरात ग्रामगीता, सकाळी सामुदायिक ध्यान, दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. तरी ब्रुअरी कशी बांधतात हे विचारा. जव भिजवायचे, मोड आणायचे, फरशीवर पसरून लाकडी फावड्यानं उलटत राहायचं, मग भट्टीत वाळवायचे. म्हणून ते लांबरुंद मजले. धान्य एकदा वर चढवलं की पुढचा रस आपल्या वजनानं मजल्यामजल्यानं खाली यावा, म्हणून जुन्या इमारती उंच. "पंपाचा खर्च नाही, पाहा न!" हे सगळं ते जेवताना सांगतात. समोर कढी असते. कढीनं काय पाप केलंय, असं काकूंचं म्हणणं.

एडवर्ड डायर या इंग्रजानं 1855 च्या सुमारास कसौलीला ब्रुअरी काढली, इंग्लंडहून आलेली यंत्रं बैलगाड्यांवर घालून डोंगरावर चढवली. काकाजी हे वाचून हरखले आणि मुलाला पैसे मागून कसौलीला गेले. तिथे गेल्यावर कळलं की कारखाना चालू आहे! बियर जाऊन व्हिस्की आली, पण धूर निघतोच आहे. काकाजी फाटकावरूनच परतले. "दीडशे वर्षांवर झाली, बंद पडाचं नाव नाही. काही संस्कार?"

आता मन लागलंय मरीजवळच्या घोडा गलीला. तिथली 1860 ची मरी ब्रुअरी फाळणीच्या दंगलीत जळाली आणि तिचे दगडी अवशेष अजून उभे आहेत, म्हणजे काकाजींच्या लेखी सगळं जसं हवं तसं. अडचण एवढीच की मरी पाकिस्तानात आहे. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण काय लिहायचं, यावर घरात चर्चा झाली. मुलानं 'नातेवाइकांची भेट' सुचवलं. काकूंनी अर्ज कढीखाली ठेवला.

जवळच्या गोष्टींनी त्यांचं समाधान होतं असं नाही. राजनांदगावची बीएनसी ही जुनी कापडगिरणी ते घरच्या देवळात जावं तसे बाहेरून पाहून येतात. 1920 साली ठाकूर प्यारेलाल सिंहांनी तिथल्या कामगारांचा संप घडवला होता, हे नातवाला प्रत्येक वेळी नव्यानं सांगतात. नागपूरला मात्र जात नाहीत. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली, तेव्हा काकाजींनी मोठ्या आशेनं वाट पाहिली होती. तिथे मॉल झाला. एका लग्नाच्या खरेदीला त्यांना तिथे नेलं, तर सरकत्या जिन्यावर उभे राहून माणूस "गेली, गेली" म्हणत वर गेला. पुढच्या बाईनं पर्स तपासली.

पण त्यांची सगळ्यांत आवडती जागा दाखवायला ते दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांकडे नेतात आणि मोकळ्या माळाकडे बोट करतात. तिथे काहीच नाही. हकीकत अशी की दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात कामाला गेले, साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला संग्रहालयात शिरले आणि नकाशावर दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड पाहून थबकले. मग वेल्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाला घेऊन टेकड्या तुडवल्या. खनिज उत्तम, पण भट्टीजोगा कोळसा जवळ नाही. टाटा निघून साकचीला गेले, त्याचं जमशेदपूर झालं. "म्हणजे आपल्या इथला पहिला कारखाना बांधाच्या आधीच टाकून दिला!" काकाजींचा आवाज इथे भरून येतो. "याच्यापेक्षा शुद्ध खंडहर मले दाखवा." पुढे भिलाईसाठी 1955 चा सोव्हिएत करार झाला आणि 1959 साली राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली, ती याच राजहऱ्याच्या खनिजावर. काकाजींच्या मते तिथे गोष्ट बिघडली. पेन्शन त्याच बिघाडातून येते, पण हे काकूंनी काढायचं, त्यांनी नाही.

मध्यंतरी बातमी आली की सेक्टरातलं त्यांचं जुनं क्वार्टर कंडम झालं. ज्या घरात मुलं मोठी झाली ते घर. आम्हाला वाटलं, आता म्हातारा हलणार. काकाजी उलट सणासारखे तयार झाले, हेल्मेट पुसलं, टॉर्चमध्ये नवे सेल घातले. संध्याकाळी परतले ते कपाळाला आठ्या घालून.

"काऊन जी, फार पडलं काय?"

"पडलं? कोणी कुटुंब येऊन राहून राहिलं तिथं! निळा रंग मारला, कूलर लावला, दाराशी गेंदा लावला. सत्यानाश."

क्वार्टरमधली बाई त्यांचं हेल्मेट पाहून घाबरली. खाली करायला आलेले साहेबच समजली, खुर्ची टाकली, चहा केला, पोळा नुकताच झाला होता म्हणून ठेठरी-खुरमी पुढे ठेवली. काकाजींनी भिंत टकटक केली, काहीतरी पुटपुटले आणि गैरसमज दूर केला नाही. आता महिन्याकाठी तपासणीला जातात.

"साहेब कसले तुम्ही?" काकू विचारतात. "खरं सांगून टाका न त्या बिचारीला."

"सांगतो, सांगतो," काकाजी हेल्मेट शोधत म्हणाले. "स्वयंपाकघराचं छत गळून राहिलं म्हणते ती. पाहून तर येऊ द्या!"