दहिसर नदीस ‘कारणे दाखवा’

प्रति,
श्रीमती दहिसर नदी,
मुक्काम संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ते मनोरी खाडी, मुंबई उपनगर.

विषय : नाल्याचे काम नेमून दिलेले असतानाही नदीपणाचा हट्ट न सोडल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून काठच्या समस्त रहिवाशांतर्फे कळविण्यात येते की, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावून बोरिवली आणि दहिसर ओलांडत मनोरी खाडीस मिळेपर्यंतच्या सुमारे 12 किलोमीटरांत सदर नदीचे वर्तन परस्परविरोधी आहे : उद्यानात तिच्या तळाचे गोटे मोजता येतात आणि हद्द संपताच तळ केवळ कागदोपत्री उरतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे जुनेजाणते सांगत. येथे मूळ खुशाल विचारावे, विचारू नये ते पुढचे.

याच उद्यानातील डोंगरात, कान्हेरीच्या लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वस्तीस आलेल्या बौद्ध भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात टाकी कोरली, ज्यांना तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्षा मागून राहणाऱ्यांना पाण्याचा एवढा हिशेब का ठेवावा लागला, हे नळ सोडताच पाणी मिळणाऱ्या उपनगरास आजही उलगडलेले नाही. 1879 साली तुळशी तलाव बांधून झाल्यापासून त्याच्या पाण्यावर पहिला हक्क महानगराच्या नळांचा आहे. तलाव भरून सांडला तरच नदीचा वाटा. पावसाळ्यानंतर तिचे पात्र ओस पडू नये म्हणून काठच्या वस्तीने मलजल, म्हणजे संडास-मोरीचे सांडपाणी, अखंड पुरवले, याबद्दल सदर नदीने आभाराचा शब्दही काढलेला नाही.

उलट तिने एक मागणी पुढे केली आहे. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना जो प्राणवायू लागतो, त्यास ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ म्हणतात आणि स्नानयोग्य पाण्यात ती लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. ती वाढली की माशांना श्वास घ्यायला काही उरत नाही. मागणी रास्त असली तरी विहित नमुन्यात अर्ज नसल्याने तिचा विचार झालेला नाही. काठच्या तबेल्यात म्हशींखालचे शेण रबरी नळीच्या धारेने गटारात लोटले की जमीन क्षणात लख्ख होते. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत गेले असते तर इंधन आणि खत अशी दुहेरी मिळकत झाली असती, परंतु टाकी रोज भरावी लागते आणि नदी आयतीच समोर असते.

नदीच्या भल्यासाठी दोन्ही काठांना भिंती उभारल्या जातात आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ उपसला जातो. पात्र अरुंद झाले की पाणी चढते, हे शाळकरी मुलासही कळते. तरीही निळी पूररेषा, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती मर्यादा, नकाशावर शोभून दिसते आणि जमिनीवर अडचण करते. मलजल उगमाशीच अडवून, शुद्ध करूनच पात्रात सोडले आणि नदीला पसरायला काठ मोकळा ठेवला, तर दरसालचा उपसा घटेल, पुराने भिजणारी दुकाने वाचतील, खाडीतील कोळ्यांच्या जाळ्यात प्लास्टिकऐवजी मासळी येईल आणि काठावर फिरणाऱ्यांना नाकाचा रुमाल काढता येईल. एवढे अनर्थ ओढवले तर वाहत्या गंगेत हात धुणाऱ्यांनी हात कोठे धुवावेत, याचा खुलासा सदर नदीने प्रथम करावा.

26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी, सदर नदी पूर्वसूचना न देता काठच्या घरांत शिरली. थोरली बहीण मिठी नदी हिच्यासाठी त्याच पुरानंतर त्याच वर्षी प्राधिकरण नेमले गेले, हे उदाहरण पाहून धाकटीने असला मार्ग पुन्हा अवलंबू नये. तरी कारणे दाखवणारा खुलासा सात दिवसांत लेखी सादर करावा. मागील खेपेप्रमाणे तो देण्यासाठी घरोघर समक्ष येऊ नये.

नदीकाठचे समस्त नळधारक

प्रत माहितीस्तव : मनोरी खाडी (भरतीच्या वेळी पोहोच द्यावी).