तूर आणि मऊभात

पासवर्ड बरोबर असूनही आत घेतलं जात नाही, तेव्हा माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. त्या रात्री मी तो तीनदा टाकला. तिन्ही वेळा यंत्रावरच्या फ्रीबीएसडी या युनिक्स-कुळातल्या प्रणालीने मला ओळखलं, आणि लगेच सांगितलं की अशी फाइलच नाही. यजमानांनी दारात अत्तर लावून ‘पंगत तिकडे’ म्हणावं, आणि तिकडे नुसतं अंगण असावं, तसं झालं.

चूक माझीच. युनिक्समध्ये प्रत्येक खातेदाराची एक ओळ असते. तो आत आल्यावर त्याच्याशी बोलायला कोण बसेल, हे तिच्या शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं. त्या बोलणाऱ्याला शेल म्हणायचं. ‘रूट’ हा घरचा कर्ता. त्याच्या रकान्यात मी लिनक्सच्या सवयीने बॅश या शेलचा पत्ता ‘बिन’ असा लिहिला. इथला बॅश राहतो दूर, ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’च्या ‘बिन’मध्ये. स्वतःच्या घराचा पत्ता चुकवून स्वतःच रस्त्यावर उभा राहिलेला मी पहिलाच नसेन. पण त्या वेळी तसं वाटत होतं.

असल्या वेंधळ्यांसाठी फ्रीबीएसडीने आणखी एक कर्ता राखून ठेवलाय. अधिकार तेच, नाव मात्र रूटची अक्षरं उलटी लिहून केलेलं. मराठी डोळ्यांना ते सरळ ‘तूर’ दिसतं. पण या तुरीला पासवर्ड आपण द्यायचा असतो, तोवर तिचं दार बंदच. मी कधी दिला नव्हता. थोडक्यात, रूट माझ्या हातावर तुरी देऊन निसटला, आणि त्या तुरीही शिजणाऱ्या नव्हत्या.

शेवटी यंत्र बंद करून ‘सिंगल यूझर’मध्ये उठवलं. हे परसदार. यंत्रासमोर प्रत्यक्ष येऊन बसलेला माणूस घरचाच, असं धरून चालणारं. तिथे पासवर्ड कोणी विचारला नाही. विचारलं एवढंच: कुठला शेल हवा? पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर नुसतं एंटर दाबा, साधा ‘एसएच’ मिळेल.

मी पडद्याकडे बघत राहिलो. रात्रीच्या शेवटच्या एसटीने घरी पोचलो की आजी अशीच विचारायची, ‘काय करू रे जेवायला?’ दमल्या जिवाला उत्तर सुचत नसे. तीही उत्तरासाठी अडून बसत नसे. थोड्या वेळाने समोर मऊभात यायचा, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट. ‘एसएच’ हा त्याच जातीचा. स्टीफन बोर्नचा मूळचा ‘एसएच’ १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्यानंतर किती नखरेल शेल आले, पण अडल्या वेळी ताटात त्याच वळणाचा शेल पडतो.

एंटर दाबलं. डिस्क नुसती वाचण्यापुरती उघडली होती. तिला लिहायची मुभा दिली आणि तो रकाना दुरुस्त केला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

झोपण्याआधी आठवणीने तुरीलाही पासवर्ड दिला. मऊभात कितीही मायेचा असला, तरी घरात वरणाची सोय असलेली बरी.