गोलाला चौकोनी

नंबर डॉक्टर काढतात, पैसे आपण मोजतो, पण फ्रेम ठरवायला काका लागतात. छत्रपती संभाजीनगरचं पैठण गेट घ्या, गुलमंडी घ्या, नाहीतर निराला बाजार. संध्याकाळच्या वेळी चष्म्याच्या दुकानात असे एक काका काउंटरला रेलून उभे असतातच. त्यांना स्वतःला काही घ्यायचं नसतं. ते कुणाच्या तरी सोबत आलेले असतात.

नंबरच्या कागदाकडे काका ढुंकूनही बघत नाहीत. ते हनुवटी बघतात. भाचीला ट्यूबलाइटखाली उभं करून, अंगठा आणि तर्जनी ताणून आधी कपाळ, मग जबडा मापतात आणि निकाल देतात, "गोल आहे. गोलाला चौकोनी." शास्त्र एवढंच, की चेहऱ्याच्या उलट फ्रेम घ्यायची. चौकोनी जबड्याला गोल, लांबट चेहऱ्याला उंच काचेची. अंडाकृती चेहऱ्याला म्हणे काहीही शोभतं. काकांच्या मते तसा चेहरा अख्ख्या शहरात एकच आहे, आणि म्हणूनच शहागंजच्या फूटपाथवरचा तयार चष्मा ते बिनदिक्कत लावतात.

मग ट्रेवर ट्रे निघतात. शेल, मेटल, सुप्रा, रिमलेस. "ही नको, हिच्यात पोरगी अगदी आत्यासारखी दिसू राहिली." आत्या शेजारच्या स्टुलावरच बसलेल्या असतात. महागडी फ्रेम बाजूला सारून काका तिच्यासारखीच दिसणारी स्वस्तातली उचलतात. कुणी कुरकुरलंच तर, "कॉपी कॉपी काय करता? मकबरा बघायला तिकीट काढूनच जाता ना?"

खरी पंचाईत आरशापुढे होते. नवी फ्रेम लावायची तर डोळ्यांवरचा चष्मा काढावा लागतो, आणि तो काढला की मायनस पाचवाल्या माणसाला आरशात नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हेही कळत नाही. ज्याचा चेहरा त्यालाच मत नाही! काकांची सत्ता टिकून आहे ती या फटीत. भाची मोबाइलवर फोटो काढते, जुना चष्मा चढवून तो निरखते, तोवर काकांनी पुढच्या दोन फ्रेम नापास केलेल्या असतात.

काडीच्या आतून बारीक अक्षरात ५२, १८, १४० असं छापलेलं असतं. एका काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. काका ५२ वाचूनच खूश. "बावन्न! आपल्या शहराचे दरवाजे तेवढेच." त्यातले आता मोजकेच उभे आहेत, पण दुकानदार गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. तो एवढंच म्हणतो, "चचा, चेहरा बाद में देखते. पहले नाक पे तो बैठने देव." भाचीला मान खाली घालायला लावतो. काकांची चौकोनी फ्रेम घसरून थेट शेंड्यावर येते. वर तो सांगतो, मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड; एवढ्या मोठ्या फ्रेमला कडा बाहेर डोकावणार. काकांच्या शास्त्रात नाकही नाही आणि नंबरही नाही.

दुकानदार एक छोटी गोल फ्रेम पुढे करतो. ती नाकावर बसते आणि बसूनच राहते.

"गोलाला गोल?" काका कळवळतात. "चेहऱ्याची भाकरी होईल!"

भाची मिलिंद महाविद्यालयात शिकते. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं कॉलेज. ती शांतपणे विचारते, "काका, बाबासाहेबांचा चेहरा भरदार होता की नाही? आणि चष्मा?"

काका जरा वेळ काउंटरच्या काचेवरचा डाग बोटानं पुसतात. "त्यांची गोष्ट वेगळी," असं पुटपुटून ते काळ्या रंगाऐवजी तपकिरी घ्यायला लावतात, कारण काहीतरी त्यांच्या मनासारखं व्हायला पाहिजे. ॲडव्हान्सची पावती फाटते. आत्या उठतात, भाची बाहेर स्कूटी काढते.

काका मात्र अजून आतच. पलीकडच्या आरशासमोर एक अनोळखी गृहस्थ डोळे बारीक करून रिमलेस लावून बघताहेत.

"साहेब, जरा ट्यूबलाइटखाली या बरं."