कॅबिनेटसह ग्रँट रोड

काशीला निघालेल्या माणसाकडे लोक गंगाजल मागतात, काश्मीरला निघालेल्याला स्वेटर देतात. कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरून डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला निघालेल्या माणसाला सगळे सल्ला देतात. सल्लाही एकच : "फॉरमॅट मारा."

दिवाळी अंकांची पानं लावणं हा माझा धंदा. १६ जीबी रॅमवर जाहिरातींची रंगीत पानं उघडेपर्यंत चहा निवायचा, म्हणून भाच्याने आणखी १६ जीबीची जोडी आणून बसवली. फरक लगेच जाणवला. पूर्वी अर्ध्या तासात होणारं काम दहा मिनिटांत होऊ लागलं आणि अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडू लागला. निळा पडदा, त्यावर रडका चेहरा आणि खाली कारण. कारण दर वेळी निराळं. कधी मेमरी, कधी कुठला ड्रायव्हर, कधी नुसतेच आकडे. मेमरीचं दुखणं हे असंच बेरकी असतं. चूक तिची आणि नाव दुसऱ्याचं.

बंद पडणं एक वेळ सोसवतं. पण युनिकोडमध्ये 'क' आणि 'ग' या अक्षरांत फक्त एका बिटाचा फरक आहे. मेमरीत एक बिट उलटलं, तर 'काळाच्या ओघात टिकणारी कविता' ही 'गाळाच्या ओघात' टिकू लागते, आणि कवी दिवाळीच्या दिवशी सकाळी सातला फोन करतो. हे प्रत्यक्ष घडण्याआधी निघणं भाग होतं.

निघताना भाच्याने सूचनांची सरबत्ती केली. "मामा, आत हात घालायचा नाही. स्थिर वीज असते अंगावर. नायलॉनचा शर्ट घालू नकोस. कॅबिनेट आडवं ठेव, म्हणजे ग्राफिक कार्ड लोंबणार नाही." सुती सदरा घातला, कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात बसलो. स्टेशन येईपर्यंत रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलंच, "फॉरमॅट मारून बघितला का?"

गर्दीच्या लोकलमध्ये कॅबिनेटवाल्याला एकच जागा, ती म्हणजे मालडबा. डब्यात भाजीच्या गोण्या होत्या, काचेचं एक भलंमोठं दार होतं, ते दार धरून उभा असलेला आणि कोणाशीच न बोलणारा एक माणूस होता, आणि मासळी विकून परतणाऱ्या दोन मावशी होत्या. कॅबिनेट आडवं ठेवलं. मुंब्रा येईतो एका मावशीने त्यावर आपली पाटी टेकवली.

"मावशी, नाजूक वस्तू आहे."

"मग काय झालं? पाटी रिकामीच हाय."

पाटी रिकामी होती, ओली नव्हती असं मात्र नाही. बोंबलांचं पाणी चादरीवर ठिबकू लागलं. स्थिर विजेचा पुरेपूर बंदोबस्त झालेलं ते यंत्र खाऱ्या पाण्यात भिजणार, एवढ्यात दुसऱ्या मावशीने पाटी उचलली आणि आस्थेने विचारलं, "काय होतंय त्याला?" मी सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "फार्मेट मारला का?"

दादरच्या पुलावर माणूस चालत नसतो, गर्दी त्याला नेऊन सोडते. कॅबिनेटचा मात्र एक फायदा होतो. त्याचा कोपरा लागला की मागचा माणूस आपोआप पुढचा होतो. पश्चिम रेल्वेच्या बाजूला नेमकी फास्ट समोर उभी होती. पण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही, म्हणून तिला जाऊ दिलं आणि स्लोची वाट पाहिली.

मुंबईच्या एका गव्हर्नराच्या स्टेशनवर उतरून दुसऱ्या गव्हर्नराच्या रस्त्यावर जायचं, असा हा भूगोल आहे. ग्रँट १८३५ ते १८३८ या काळातले, लॅमिंग्टन त्यांच्यानंतर पासष्ट वर्षांनी आलेले. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ते पाटीवर आहे, पत्रव्यवहारात आहे, फक्त कोणाच्या तोंडात नाही. फुटपाथभर केबल्स, रिमोट, स्पीकर आणि "क्या चाहिए बॉस" मांडलेलं असतं. पहिल्या दुकानाने चादर न सोडताच मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याने पॉवर सप्लाय बदलायला सांगितलं. तिसऱ्याने काय सांगितलं ते वाचकांनी ओळखलं असेलच.

शेवटी एका पोटमाळ्यावर बसणारा मुलगा भेटला. वाकूनच शिरावं लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप नम्र होतं. त्याने काही न बोलता चारही रॅम उपसल्या, शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं आणि सोनेरी दातांवरून हलकेच फिरवलं. मुंबईच्या दमट हवेत त्या दातांवर पापुद्रा धरतो, तो असाच निघतो. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. चारही रॅम घातल्या की पडद्यावर लाल ओळी. नुसती जुनी जोडी घातली तर स्वच्छ. नुसती नवी घातली तरी स्वच्छ.

"काका, रॅम एकही खराब नाही. कंपनी एक, स्टिकर एक, पण आतली चिप वेगळी आहे बघा. आणि एक्सएमपी चालू ठेवलंय."

एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावर छापलेल्या वेगाने, इथे ३२०० ने, पळवायची सोय. डीडीआर-४ रॅम अशी पळवायची तर नेहमीच्या १.२ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ द्यावे लागतात. पाकिटावरचा शब्द त्या पाकिटातल्या जोडीपुरताच असतो. आणि चौघींना सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात, एकटा.

"लोकलची चौथी सीट समजा," मुलगा म्हणाला. "बसता येतं चौघांना. पण मग कोणी पाय पसरायचे नाहीत."

त्याने बायोसमध्ये जाऊन ३२०० चे २६६६ केले आणि मेमटेस्ट पुन्हा लावली. "आता वेळ लागेल. फिरून या."

रस्त्याच्या दक्षिण टोकाला ऑपेरा हाउसपर्यंत चालत गेलो. १९९३ साली बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या पायरीपाशी उभं राहिल्यावर बराच धीर आला. इराण्याकडे दोन चहा झाले. परतलो तेव्हा पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती. मजुरी इतकी कमी सांगितली की मीच घासाघीस करायला विसरलो.

पानं आता २६६६ च्या वेगाने लागतात आणि अकरावं मिनिट बिनबोभाट जातं. ३२०० आणि २६६६ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. दिसतो असं म्हणणारे लोक रॅम विकतात.

तेव्हा रॅम वाढवायची असेल तर जुनीत नवी मिसळू नका. हवी तेवढी एकाच पाकिटातली जोडी घ्या आणि जुनी काढून ठेवा. मिसळलीच असेल, तर चादर शोधण्याआधी वेग उतरवून पाहा. बायोस उघडायला बहुतेक कॉम्प्युटरांवर सुरू होताना डिलीटचं बटण दाबावं लागतं. ते बटण डोंबिवलीतही मिळतं.